कुंद्याचे शेवटचे मूळ

हिवरदरी हे काळ्या मातीचे गाव. तीन बाजूंनी टेकड्या, मधून एक ओढा आणि ओढ्याकाठच्या चिंचेच्या बनात श्री निवांतबुवा महाराजांचा मठ. मठ म्हणजे काय, तर कुडाची एक खोली, पुढे धुनी आणि बसायला एक सपाट दगड. महाराज त्या दगडावर बसत आणि फारसे बोलत नसत. आलेल्याने आपले गाऱ्हाणे सांगावे, महाराजांनी ते शेवटपर्यंत ऐकावे आणि एखादे वाक्य बोलावे, एवढेच. ते वाक्य पुष्कळदा इतके साधे असे की नवखा माणूस हिरमुसून परत जाई. एवढ्यासाठी का आपण सहा कोस पायपीट केली, असे त्याला वाटे. सांगितलेले केले की मग उमज पडे. न करणारेही पुष्कळ होते. त्यांना शेवटपर्यंत काही उमजले नाही, त्याला महाराजांनी तरी काय करावे?

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, हे आपल्याकडे घरोघर पाळतात. नांगरटीच्या रानातले काही चालत नाही, माणसाच्या हाताने खणून पेरलेले तेवढेच चालते. म्हणून तर परसातल्या भाजीला त्या दिवशी एवढा मान. हिवरदरीत हा सण एकत्र होई. प्रत्येक घराने आपल्या परसातली मूठभर भाजी मठात आणायची, सगळी एका हंड्यात शिजवायची आणि सगळ्यांनी एका पंगतीत बसून खायची. त्याला जोडून गावाचा एक जुना दंडकही होता. ज्या घराची मूठ लागोपाठ तीन वर्षे हंड्यात पडली नाही, त्याचा परस पडीक समजावा आणि कसायला शेजाऱ्याला द्यावा. दंडक कडक होता, पण वाडवडिलांनी तो उगाच केला नव्हता. एका परसात तण माजले की ते कुंपण ओलांडून गावभर होते.

या गावात ठकूबाई नावाची एक कोष्टीण राहत असे. नवरा महादू दोन वर्षे अंथरुणाला खिळून होता आणि शेवटी गेला. त्या दोन वर्षांत माग चालवायचा आणि नवऱ्याचे करायचे, यातच तिचा जीव मेटाकुटीला आला. परसाकडे बघायला फुरसत कुणाला? दोन ऋषिपंचम्या तिची मूठ पडली नाही. आणि परसात शिरला कुंदा.

ज्याने काळ्या रानात कुंदा पाहिला आहे, त्याला वेगळे सांगायला नको. वर वीतभर गवत दिसते आणि खाली कमरेइतके खोल मूळ गेलेले असते. त्या मुळाला पेरे असतात आणि पेऱ्यापेऱ्याला डोळा. मूळ तुटले तर आत राहिलेल्या प्रत्येक तुकड्यातून नवा कोंब निघतो. ठकूबाईला हे ठाऊक नव्हते. महादूचे दिवसकार्य उरकल्यावर तिने कुदळ घेतली आणि आठ दिवस घाम गाळून सगळा परस तासून काढला. पंधरवड्याने पाहते तो पहिल्यापेक्षा दुप्पट दाट! बिचारी बांधावर मटकन बसली.

तिच्या शेजारी शिदोजी पाटलांचा गुरे बांधायचा मोठा वाडगा होता. पाटलांचे बैल पंचक्रोशीत नावाजलेले. त्यातला ढवळ्या नावाचा बैल तर त्यांनी पोटच्या पोराप्रमाणे वाढवला होता. पाटील माणूस मुळात वाईट नव्हता, पण ऐश्वर्याने माणसाची मान ताठ होते ती वाकायचे विसरते. बैलांना गोठा अपुरा पडत होता आणि ठकूबाईचा परस अगदी लागून होता. त्यांनी एक दिवस चावडीवर सगळ्यांदेखत तिला सांगून टाकले, “ए कोष्टिणी, औंदा तिसरं वरीस. कुंदा म्हंजे लुगड्याचा काठ न्हवं, बसल्या जागी विणायला. परस सोडून दे आणि सुखानं माग चालव.” चावडी खदखदा हसली.

ठकूबाई तिथून उठली ती थेट मठात गेली. त्या परसाच्या कडेला तिची झोपडी होती. परस गेला की झोपडीही जाणार आणि तिला या गावात पाय ठेवायला जागा उरणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होते. तिने सगळे सांगितले. महाराजांनी ऐकून घेतले आणि विचारले, “सुताचा गुंता झाला तर तू काय करतेस?”

“टोक हुडकते, महाराज.”

“तोडत नाहीस?”

“तोडलं तर दोनाची चार टोकं व्हत्यात. मग कुठलं कुणाचं कळंना हुतं.”

“मग कुंद्यालाच का तोडलंस?” महाराज म्हणाले. “मुळाचं टोक दिसेपर्यंत खण. निघालेलं मूळ मला आणून दाखव. आणि शेवटचं मूळ निघाल्याशिवाय परसात दाणा टाकू नकोस.”

झाले! एवढाच उपदेश. ना अंगारा, ना नारळ. पण ठकूबाईला त्या शब्दांनी एकदम धीर आला. सुताचा गुंता सोडवण्यात तिचा उभा जन्म गेला होता. कुंदा हा शत्रू म्हणून भयंकर वाटत होता. गुंता म्हटल्यावर तो तिच्या ओळखीचा झाला.

वैशाखाच्या उन्हात तिने परसाच्या एका कडेला चर खणायला सुरुवात केली. पहारीने माती सैल करायची, मग पहार बाजूला ठेवून खुरप्याने आणि बोटांनी मुळाभोवतालची माती काढत खाली खाली जायचे. कुदळ म्हणून लावायची नाही. पहिल्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत एकच मूळ निघाले. ते घेऊन ती मोठ्या उमेदीने मठात गेली. महाराजांनी ते हातात धरून वरपासून खालपर्यंत पाहिले आणि परत दिले. “हे तुटलंय. टोक आत राहिलं.”

ती तशीच परत फिरली आणि दिवस मावळायच्या आत ते करंगळीएवढे टोक शोधून घेऊन आली. महाराजांनी ते मूळ मग वाळत टाकले आणि वाळल्यावर धुनीत घातले.

रोजचा हाच क्रम सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ परसात आणि मधल्या उन्हात मागावर. हाताला फोड आले, फुटले, त्यांचे घट्टे झाले. कंबर तर अशी धरे की चरातून वर यायला तिला काठावर आडवे व्हावे लागे. महाराज रोज विचारत, “आज किती?” ती कधी तीन म्हणे, कधी पाच. तुटलेले मूळ ते कधीही घेत नसत. एकदा तर दिवसभराची सातही मुळे त्यांनी परत केली. त्या दिवशी ठकूबाईला रडू फुटले. दगडापाशी बसून ती पोटभर रडली, मग डोळे पुसले, टोपले उचलले आणि गेली. दुसऱ्या दिवशी सातही टोके घेऊन आली! अशा भक्ताला काय म्हणावे? देवालासुद्धा अशांची भीड पडत असेल.

गाव मात्र हसत होते. चर खोल होऊ लागला तसे लोक कुंपणावरून डोकावून जात. पाटील येताजाता विचारत की विहीर खणतेस का समाधी. महाराजांनाही त्यांनी सोडले नाही. बुवांना धुनीला फुकटचे जळण हवे आहे म्हणून विधवेला राबवतात, असे ते चारचौघांत बोलून दाखवत. कोणीतरी हे महाराजांच्या कानावर घातले. महाराज नुसते हसले आणि म्हणाले की जळण चांगले आहे, धूर होत नाही.

आषाढ आला. घरोघर परसात बिया पडल्या, भोपळ्याचे वेल कुडावर चढले. ठकूबाईचा परस उघडा बोडका. शेजारणी म्हणू लागल्या की बाई, जेवढे साफ झाले तेवढ्यात तरी चार दाणे टाक, बुवांना काय कळणार आहे? तिला मोह झाला नाही असे नाही. रोज ती तारखा मोजत असे. माठ पेरायचा तर महिना तरी हवा. पण शब्द म्हणजे शब्द. तिने दाणा टाकला नाही. श्रावण लागला तेव्हा सगळा परस साफ होऊन दाराजवळचा एवढासा कोपरा उरला होता.

आता पाटलांच्या मनात चलबिचल सुरू झाली. ही बाई खरेच मूठ घेऊन येते की काय? त्यांनी डोके चालवले. श्रावणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर मोठ्याने बोलले, “ठकी खणून खणून मरंल. शेजारधर्म म्हनून मी नांगर लावून देतो, येका दिसात काम.” लोक म्हणाले, वा, पाटील दिलदार! पण जाणत्यांनी डाव ओळखला. परसात बैलाचा नांगर फिरला आणि फाळाने चिरलेला एक तास जरी पडला, तरी त्या जमिनीतली भाजी ऋषीच्या हंड्याला चालणार नव्हती. असले उपकार म्हणजे गोड बोलून गळा कापणे. हे सगळ्यांना कळत होते आणि पाटलांपुढे बोलायची कोणाची छाती नव्हती.

ठकूबाई त्या वेळी कोपऱ्यातल्या अगदी शेवटच्या मुळाशी बसली होती. मूळ करंगळीएवढे जाड. वरचे गवत तिने कापले होते आणि हातभर माती मोकळी केली होती. कुंपणाचे दार मोडल्याचा आवाज आला म्हणून तिने वर पाहिले, तो ढवळ्याची जोडी आत शिरलेली. ती दोन्ही हात पसरून आडवी झाली. गड्यांनी तिला बाजूला केले. तिने पाटलांचे पाय धरले. पाटील म्हणाले, “तुझ्याच भल्याचं हाय. आडवी येऊ नगं.” आणि त्यांनी कोपऱ्यातच नांगर रोवला, नेमका त्या मुळापाशी.

ठकूबाई कुंपणाला टेकून उभी राहिली. तीन महिन्यांचे कष्ट डोळ्यांपुढून गेले. ओरडायलाही तिच्यात त्राण उरले नव्हते. मनात एवढेच म्हणाली, महाराज, मी सांगितलं तसं केलं, आता तुमचं तुम्ही बघा.

गड्याने बैलांना हाकारले. जू ताठ झाले, बैलांनी खांदे लावले, पण नांगर हलेना. दगड लागला असेल म्हणून गड्याने वाकून पाहिले. दगड नव्हता. फाळाच्या पुढे ते करंगळीएवढे मूळ आडवे होते. पाटील हसले आणि त्यांनी दुसरी जोडी जुंपायला सांगितली. चार बैलांनी जोर लावला, नांगर हलेना. तिसरी जोडी आली, चौथी आली. आठ बैलांचा नांगर! त्याने माळ फोडावा, वडाच्या मुळ्या उखडाव्यात. आणि तो एका कुंद्याच्या मुळापुढे उभा राहिला. बैलांच्या गळ्यातली जोती करकचून ताणली गेली, बैलांच्या तोंडाला फेस आला, तरी फाळ तीळभर पुढे जाईना. एव्हाना सगळे गाव कुंपणाभोवती जमले होते आणि कोणी हसत नव्हते.

पाटलांचा चेहरा लाल झाला. एवढ्या लोकांत माघार घेणे त्यांना जमणार नव्हते. त्यांनी स्वतः नांगराची मूठ म्हणजे रुमणे धरले आणि आजवर ज्याच्या अंगावर कधी काठी उगारली नव्हती त्या ढवळ्यावर आसूड ओढला. ढवळ्याने सारी ताकद लावली. त्याचे पुढचे गुडघे टेकले, मग मागचा भाग खचला आणि तो जुवासकट खाली बसला. डोळे पांढरे झाले. जू मानेत रुतले होते आणि पलीकडच्या ताणामुळे खीळ निघत नव्हती. पाटलांच्या हातातला आसूड गळून पडला. “ढवळ्या, ढवळ्या,” एवढेच ते म्हणत राहिले.

इतक्यात गर्दी बाजूला झाली. महाराज आले होते. डाव्या हातात काठी, उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. मागून मठातले दोघे शिष्य धापा टाकत येत होते. महाराज बैलाकडे पाहून ठकूबाईला म्हणाले, “बाई, बैल जातोय. ते मूळ काढ.”

ठकूबाईने त्यांच्याकडे पाहिले. तिला समजले होते की या घटकेला तिचे घर राखणारे एकच आहे, ते मूळ. ते निघाले की नांगर मोकळा झाला. नांगर मोकळा झाला की एका हाकेसरशी तास पडणार. ज्याला जगातून नाहीसे करायला ती तीन महिने झटली, तेच आता राहावे म्हणून तिचा जीव तुटत होता. आणि समोर तो मुका जीव तोंड वासून पडला होता. त्याचा काय अपराध?

ती पुढे झाली. मुळाशी बसली. दोन बोटांनी माती सारली, मूळ धरले आणि गुंत्यातले टोक ओढावे तसे अलगद ओढले. जे आठ बैलांना हलले नाही ते सरसर वर आले, हातभर, दोन हात, अगदी टोकापर्यंत, कुठेही न तुटता! नांगर सैल पडला. गड्याने चटकन खीळ काढली. ढवळ्याने एक मोठा श्वास घेतला, मान हलवली आणि थोड्या वेळाने धडपडत उभा राहिला.

ठकूबाईने सवयीने ते मूळ महाराजांपुढे धरले. महाराजांनी ते घ्यायला उजव्या हाताची मूठ उघडली, आणि पाहणारे जागच्या जागी थिजले. तळहातावर आडवा, करंगळीएवढा रुंद वळ उठला होता. कातडी सोलून रक्त आले होते आणि त्या जखमेत काळी माती होती.

“आता बरं झालं,” महाराज म्हणाले. “हात भरून आला होता.”

शिष्यांनी मग सांगितले की सकाळी नांगर रोवला त्या सुमारास महाराजांनी बसल्या जागी जमिनीवर हात टेकून मूठ आवळली होती. पाणी पुढे केले तरी त्यांनी ती सोडली नाही. घाम इतका आला की दगड भिजला. मठ आणि परस यांत अर्ध्या कोसाचे अंतर! पण भक्ताची हाक जिथे पोहोचते तिथे गुरूचा हात पोहोचायला कितीसा वेळ?

नांगर मोकळा होता. आठ बैल उभे होते. पाटलांनी हाक दिली असती तर तास पडला असता आणि त्यांना अडवणारे कोणी नव्हते. पाटील त्या तळहाताकडे बघत राहिले. मग एकेका बैलाच्या गळ्यातले जोते त्यांनी स्वतःच्या हाताने सोडले, बैल बाहेर काढले आणि घरी गेले.

ठकूबाईने त्याच संध्याकाळी माठ पेरला. साऱ्या श्रावणात परसात कुंद्याचे एक पाते दिसले नाही आणि माठ असा तरारला की शेजारणी बियाणे मागायला आल्या.

ऋषिपंचमीला मठात हंडा चढला. घरोघरचे लोक आपापली मूठ घेऊन ओळीने पुढे जात होते. ठकूबाईची पाळी आली तेव्हा म्हाताऱ्या पंचांनी तिला थांबवले. म्हातारा माणूस वाईट नव्हता, पण दंडकाला चिकटून होता. त्या परसात आठ बैल शिरलेले अख्ख्या गावाने पाहिले, तेव्हा तास पडला नाही याची खात्री कोण देणार, असे त्याने विचारले. ठकूबाईने हातातली भाजी छातीशी धरली. इतके सगळे होऊन काठाशी येऊन नाव बुडणार की काय! महाराज दगडावर बसून पाहत होते.

ओळीच्या शेवटून पाटील पुढे आले. त्यांचे दोन्ही हात रिकामे होते.

“तास पडला न्हाई,” ते म्हणाले. “नांगर माझा हुता, रुमणं माझ्या हातात हुतं. फाळ तीळभर सरकला न्हाई. आणि शेजारधर्म म्हनून मी गेलो न्हवतो. परस गिळायला गेलो हुतो, हेबी पंचांनी ऐकून घ्यावं.” मग हात पुढे करून म्हणाले, “माझी मूठ आजवर दर साल नांगरटीच्या मळ्यातली पडली. औंदा पडायची न्हाई. माझं पैलं वरीस चुकलं म्हनून मांडा.”

पंच बाजूला झाले. ठकूबाईची मूठ हंड्यात पडली.

पाटलांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. बऱ्याच वेळाने उठले ते तसेच ठकूबाईपुढे आले. ती संकोचून मागे सरकू लागली. गावच्या पाटलाने आपल्यापुढे उभे राहावे, हेच तिला सोसत नव्हते. काही तरी बोलायचे म्हणून तिने विचारले, “पाटील, ढवळ्या वैरण खातो का आता?”

त्या प्रश्नाने तो एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा रडू लागला. “खातो, माय,” तो म्हणाला आणि ज्या मातीत ती उभी होती त्या मातीवर त्याने कपाळ टेकले.